राखेतली डोकी कुणी मोजायची? ऑस्ट्रेलियातल्या हत्याकांडांचे पुरावे का सापडत नाहीत

१८३८ च्या जून महिन्यात विल्यम हॉब्स नावाचा एक माणूस ऑस्ट्रेलियातल्या एका ओढ्याजवळ अर्धवट जळलेल्या मढ्यांच्या ढिगापाशी उभा राहून डोकी मोजत होता. वास इतका भयंकर होता की नीट मोजता येत नव्हतं, त्यात काही डोकी अगदी लहान पोरांची होती. पुढे कोर्टात त्याने अठ्ठावीसच्या आसपासचा आकडा सांगितला आणि आजही मायल क्रीकचं हत्याकांड म्हटलं की "कमीत कमी २८" असंच लिहितात. हा हॉब्स त्या दिवशी तिकडे गेला नसता किंवा जाऊनही गप्प बसला असता, तर आज आपल्याला हे अठ्ठावीस लोक माहीतच नसते.

माझी भाची सिडनीला असते. तिच्या मुलीला शाळेत यावर प्रोजेक्ट होता, तेव्हा भाचीने फोन करून विचारलं, मावशी, गोऱ्यांनी तिथले मूळ लोक नक्की किती मारले गं, प्रत्येक ठिकाणी वेगळाच आकडा दिसतोय. मी म्हटलं थांब, बघून सांगते. बघायला बसले आणि लक्षात आलं की खरा प्रश्न आकड्याचा नाहीये, आकडा का नाहीये हा आहे. कारण पुरावा आपोआप हरवलेला नाही, तो तयारच होऊ नये अशी सगळी व्यवस्था होती, कायद्यात, पोलिसात, अगदी भाषेतसुद्धा. तेच जमेल तसं सोपं करून सांगते.

आधी थोडी पार्श्वभूमी. ऑस्ट्रेलियात माणसं निदान साठ हजार वर्षांपासून राहतायत, अडीचशेच्या वर भाषा होत्या, प्रत्येक गटाचा आपला मुलूख, आपले पाणवठे, आपले नियम. २६ जानेवारी १७८८ ला (हो, तारीख आपल्या प्रजासत्ताक दिनाचीच) कॅप्टन आर्थर फिलिप कैद्यांनी भरलेली जहाजं घेऊन सिडनीच्या बंदरात उतरला. इंग्रजांनी दुसऱ्या बऱ्याच देशांत निदान कागदावर तरी करार केले, इथे तेही केले नाहीत. जमीन कुणाच्या मालकीची नाही असं धरूनच कारभार सुरू झाला, आणि हे चूक होतं असं ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने कधी म्हटलं तर १९९२ मध्ये, एडी माबो यांच्या केसमध्ये. मधली दोनशे वर्षं तिथला माणूस कायद्याच्या नजरेत स्वतःच्याच जमिनीवरचा घुसखोर होता.

सुरुवातीला वस्ती सिडनीच्या आसपासच होती. खरी धावपळ सुरू झाली ती मेंढ्यांमुळे. इंग्लंडच्या गिरण्यांना लोकर हवी होती आणि ऑस्ट्रेलियात गवताळ माळरानं अफाट होती. सरकारने हद्द आखून दिली होती की याच्या पुढे जायचं नाही, पण लोक मेंढ्या हाकत पुढे जातच राहिले. शेवटी १८३६ मध्ये सरकारने हार मानली आणि वर्षाला दहा पौंडाचं लायसन्स काढा, पाहिजे तेवढ्या जागेवर गुरं चारा अशी सोय करून दिली. या लोकांना स्क्वॉटर म्हणायचे आणि त्यांच्या त्या हजारो एकरांच्या पशुपालनाच्या वस्तीला स्टेशन. म्हणजे पुढे स्टेशन शब्द आला की रेल्वे डोळ्यासमोर आणू नका, दोन-तीन झोपड्या, गुरांचा वाडा आणि क्षितिजापर्यंत माळ असं चित्र आणा.

आता मेंढ्या आल्या की काय होतं हे दुष्काळी भागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पहिला प्रश्न पाण्याचा. स्टेशन बसायचं ते बारमाही पाण्याच्या काठावर आणि नेमकी तीच जागा पिढ्यानपिढ्या तिथल्या लोकांची. हजार मेंढ्या एका डोहात उतरल्या की त्याचा चिखल होतो. व्हिक्टोरियाच्या बाजूला मर्नाँग नावाचा एक कंद बायका काठीने उकरून काढायच्या, रोजचं खाणं होतं ते, मेंढ्यांनी काही वर्षांत त्याची रानंच्या रानं साफ केली. कांगारू दूर गेले. मग लोकांनी भाल्याने मेंढ्या मारायला सुरुवात केली, कधी भुकेने, कधी तुम्ही इथून निघून जा हे सांगायला. स्टेशनवरचा एखादा एकटा गडीही मारला जायचा, बऱ्याचदा बायकांवर केलेल्या जबरदस्तीचा सूड म्हणून. आणि एका गड्याच्या बदल्यात गोरे लोक पूर्ण वस्ती कापून काढायचे, ज्यांनी मारलं तेच लोक आहेत का हे बघायची तसदीसुद्धा न घेता.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. हे लोक नुसते मार खात नव्हते. सिडनीजवळ पेमुलवुय नावाचा योद्धा १७९० पासून बारा वर्षं इंग्रजांशी लढत होता, १८०२ मध्ये त्याला गोळी घातली आणि त्याचं मुंडकं इंग्लंडला पाठवलं, ते आजतागायत सापडलेलं नाही. बाथर्स्ट भागात विंड्राडाइन नावाच्या योद्ध्याच्या लोकांनी वसाहतीला इतकं जेरीस आणलं की १८२४ मध्ये तिथे लष्करी कायदा लावावा लागला. टास्मानियात १८३० साली गव्हर्नर आर्थरने सुमारे २,२०० माणसांची साखळी करून बेटाचा गोऱ्यांनी वसवलेला भाग विंचरून काढायचा प्रयत्न केला आणि हाती लागले फक्त दोघं. हे युद्धच होतं. पण युद्ध म्हटलं तर समोरच्याला शत्रू म्हणावं लागतं, म्हणजे त्याची जमीन होती हे मान्य करावं लागतं, आणि युद्ध नाही म्हटलं तर तो इंग्लंडच्या राजाचा प्रजाजन, मग त्याला मारणं हा खून होतो. सरकारला दोन्ही नको होतं, म्हणून जे घडतंय त्याला नावच द्यायचं नाही हा मार्ग निघाला.

सुरुवातीच्या काळात मात्र हे उघड चालायचं. १८१६ मध्ये गव्हर्नर लॅकलन मॅक्वारीने सैनिकांच्या तुकड्या पाठवल्या, लेखी हुकूम असा की मूळ लोकांना पकडा, विरोध केला तर गोळ्या घाला आणि मारलेल्या पुरुषांची प्रेतं झाडांना टांगा म्हणजे बाकीच्यांना दहशत बसेल. १७ एप्रिलच्या रात्री ॲपिन गावाजवळ कॅप्टन वॉलिसच्या तुकडीने झोपलेल्या लोकांवर हल्ला केला, जीव वाचवायला पळणारे कितीतरी लोक अंधारात कड्यावरून खाली कोसळले. निदान चौदा मेले, त्यात बायका आणि मुलं होती. दोन पुरुषांची प्रेतं खरंच टेकडीवर टांगली. सिडनीत राहणारी आपली मराठी मंडळी रोज ज्या मॅक्वारीच्या नावाच्या रस्त्यावरून, युनिव्हर्सिटीवरून, मॉलवरून जातात तोच हा मॅक्वारी. आणि हा माणूस त्याआधी आपल्या मुंबईत होता. १७८८ मध्ये त्याची पलटण मुंबईत आली, टिपू सुलतानाविरुद्ध श्रीरंगपट्टणला तो लढला, १७९३ मध्ये त्याचं लग्न मुंबईत झालं आणि त्याच्या पहिल्या बायकोला पुरलंय तेही मुंबईतच. हे वाचलं तेव्हा मला कसंतरीच झालं, कारण इतके दिवस मी ही गोष्ट कुठल्यातरी लांबच्या देशाची म्हणून वाचत होते.

आता मायल क्रीककडे येऊ, कारण सगळं यंत्र कसं चालायचं ते या एका केसमध्ये दिसतं.

न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेला हेन्री डँगर नावाच्या मोठ्या जमीनदाराचं स्टेशन होतं, मायल क्रीक. हॉब्स तिथला व्यवस्थापक. विरायाराय लोकांचा एक गट काही आठवड्यांपासून स्टेशनच्या झोपड्यांशेजारी मुक्कामाला होता. त्या भागात आधीच कत्तली चालू होत्या, याच वर्षी २६ जानेवारीला मेजर नन याच्या घोडेस्वार पोलिसांनी वॉटरलू क्रीकला माणसं मारली होती. त्यामुळे स्टेशनच्या आसऱ्याला राहिलं तर जीव वाचेल असं या लोकांना वाटलं असणार. त्यांना तिथे बोलवणारा होता चार्ल्स किलमायस्टर, इंग्रजांनी स्टेशनवर कामाला लावलेला कैदी, गुराखी. संध्याकाळी तो त्यांच्यात जाऊन बसायचा, नाचगाणी व्हायची, पोरं अंगाखांद्यावर खेळायची. गटातल्या एका म्हाताऱ्याला सगळे "डॅडी" म्हणायचे.

१० जून १८३८, रविवार. हॉब्स गुरं घेऊन लांब गेला होता. गटातले धडधाकट पुरुष शेजारच्या स्टेशनवर झाडाच्या साली काढायच्या कामाला गेलेले. मागे राहिल्या बायका, मुलं, म्हातारे. दुपारनंतर हत्यारबंद घोडेस्वार आले. त्यांचा पुढारी जॉन फ्लेमिंग हा एकटाच जन्मापासून मोकळा माणूस, जमीनदार घरातला, बाकीचे कैदी किंवा शिक्षा भोगून सुटलेले. त्यांना बघून लोक झोपडीत पळाले, म्हणजे आपल्या ओळखीच्या किलमायस्टर आणि झोपडी सांभाळणारा कैदी जॉर्ज अँडरसन यांच्याकडे. घोडेस्वारांनी सगळ्यांना बाहेर काढलं, एका लांब दोरखंडाला बांधलं आणि घेऊन गेले. दोन पोरं ओढ्यात उडी मारून वाचली. अँडरसनने यांच्याबरोबर जायला नकार दिला. किलमायस्टर मात्र घोड्यावर खोगीर टाकून त्यांच्यात सामील झाला. अँडरसनने नंतर सांगितलं की बंदुकीचे फक्त दोन आवाज आले. बाकीचं काम तलवारींनी झालं. दोन दिवसांनी तेच लोक परत आले आणि प्रेतं जाळली.

किलमायस्टरबद्दल मी खूप विचार केला. रोज ज्यांच्याबरोबर बसतो त्यांनाच दोरीने बांधून न्यायला माणूस कसा तयार होतो. भीती असेल, आपल्या लोकांत वेगळं पडायची, कैदी असल्यामुळे तर जास्तच. पण अँडरसन पण कैदीच होता, त्यालाही तेवढीच भीती होती, आणि तो गेला नाही. या गोष्टीत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे.

हॉब्स परत आला, त्याने जागा बघितली आणि मालकाला न जुमानता तक्रार केली. बातमी सिडनीला पोचली, नवीन गव्हर्नर जॉर्ज गिप्स याने मॅजिस्ट्रेट एडवर्ड डेनी डे याला पोलीस देऊन पाठवलं, त्याने जवळपास सात आठवडे त्या रानात फिरून बारापैकी अकरा जणांना पकडलं. फ्लेमिंग सुटला, त्याच्याकडे चांगला घोडा आणि चांगले नातेवाईक होते. तो कधीच सापडला नाही, पुढे आपल्या भागात चर्चचा मानकरी म्हणून जगला आणि १८९४ मध्ये म्हातारा होऊन मेला. जमीनदारांनी वर्गणी काढून आरोपींसाठी मोठमोठे वकील दिले.

१५ नोव्हेंबरला पहिला खटला झाला आणि ज्युरीने वीसेक मिनिटांत सगळ्यांना निर्दोष सोडलं. एका ज्युरीचं म्हणणं नंतर पेपरात आलं, ते असं की आरोपी दोषी आहेत हे त्याला माहीत होतं पण काळ्या माणसासाठी गोऱ्याला फाशी जाताना तो बघणार नव्हता. पण कायद्याची अडचण वेगळीच होती आणि ती नीट समजून घ्या. खटला "डॅडी"च्या खुनाचा होता. जळलेल्या ढिगातलं नक्की कुठलं धड डॅडीचं हे कोण सांगणार? म्हणजे प्रेतं जाळल्याचा फायदा थेट आरोपींना. ॲटर्नी जनरल जॉन प्लंकेट चिवट माणूस, त्याने सोडून दिलं नाही, अकरापैकी सात जणांवर परत खटला भरला, या वेळी एका लहान मुलाच्या खुनाचा. या वेळी दोषी ठरवलं. १८ डिसेंबर १८३८ ला सात जणांना सिडनीत फाशी दिली, किलमायस्टर त्यातलाच एक.

आणि फाशीच्या आधी त्यांनी तुरुंगाधिकाऱ्याला जे सांगितलं ते गिप्सने लंडनला कळवलं होतं. आम्ही मारलं हे त्यांनी कबूल केलं, पण हा गुन्हा आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं म्हणाले, कारण वसाहतीत हे इतक्या वेळा झालंय आणि कधीच कुणाला काही झालं नाही. हे वाक्य मी दोन-तीनदा वाचलं. सारवासारव म्हणून सोडून देता येईल, पण मला ते खरं वाटतं, आणि खरं असेल तर त्याच्या आधी किती मायल क्रीक झाले असतील याचा अंदाज करा.

अजून एक साक्षीदार होता. यिंतायिंतिन, गोरे त्याला डेव्ही म्हणायचे, स्टेशनवर काम करणारा मूळ रहिवासी तरुण. तो त्या लोकांच्या मागे गेला होता, त्याने लपून बघितलं होतं. पण त्याची साक्ष चालणार नव्हती. कारण साक्षीला बायबलवर शपथ लागायची, ख्रिस्ती देव आणि मेल्यावरची शिक्षा यावर विश्वास नसलेल्या माणसाची शपथ कायद्यात बसत नव्हती. त्याला धर्म शिकवून साक्षीला उभं करायचा विचार झाला, त्या आशेवर उरलेल्या चौघांना काही महिने आत ठेवलं, आणि मग डेव्हीच नाहीसा झाला. चौघं सुटले. हॉब्सची नोकरी गेली.

आता या साक्षीच्या नियमाचा अर्थ बघा. रानात दहा गोऱ्यांनी तीस माणसं मारली तर ते बघणारे दोनच प्रकारचे लोक असणार, मारणारे गोरे आणि वाचलेले मूळ लोक. मारणारे बोलणार नाहीत आणि वाचलेल्यांना बोलायची परवानगी नाही. म्हणजे खटला उभाच राहू शकत नाही, अपवाद फक्त एखाद्या अँडरसनचा. १८३९ मध्ये हा नियम बदलायचा प्रयत्न झाला तर लंडनने अडवला, १८४३ मध्ये लंडननेच परवानगी दिली तर १८४४ मध्ये सिडनीच्या कौन्सिलने बिल पाडलं, तिथे बसलेले बरेचसे जमीनदारच होते. न्यू साउथ वेल्समध्ये शेवटी हा बदल झाला तो १८७६ मध्ये, तोपर्यंत त्या प्रांतातली बहुतेक जमीन जाऊन बसली होती.

तुम्हाला वाटेल की सात जणांना फाशी झाल्यावर तरी हे थांबलं असेल. नाही थांबलं, फक्त गुपचूप झालं. तेव्हाचे मोठे पेपर, खासकरून सिडनी हेराल्ड, फाशीच्या विरोधात आगपाखड करत होते (त्याच पेपरने २०२३ मध्ये, १८५ वर्षांनी, त्या लिखाणाबद्दल माफी मागितली). सरहद्दीवरच्या लोकांनी धडा घेतला तो एवढाच की बोलायचं नाही, अँडरसनसारखा माणूस बरोबर ठेवायचा नाही, मागे काही उरू द्यायचं नाही. विषाचा वापर वाढला. विषात बंदुकीचा आवाज नसतो आणि मारणारा जागेवर हजर असावा लागत नाही. १८४२ मध्ये क्वीन्सलँडमधल्या किलकॉय स्टेशनवर विष घातलेलं पीठ खाऊन तीस ते साठ लोक मेले असं सांगतात. त्यासाठी कुणालाही शिक्षा झाली नाही.

क्वीन्सलँडमध्ये तर पुढे सरकारनेच यंत्रणा उभी केली, नेटिव्ह पोलीस. १८४८-४९ पासून सुरू झालेलं हे दल, साधारण १९०० पर्यंत चाललं. वर गोरा अधिकारी, खाली पाच-सात मूळ रहिवासी शिपाई, पण ते मुद्दाम लांबच्या मुलखातून आणलेले, ज्यांची भाषा वेगळी, ज्यांचं तिथल्या लोकांशी नातं नाही, उलट अनोळखी मुलखात पळून गेले तर स्थानिक लोकच मारतील अशी स्थिती. काहींना जबरदस्तीने भरती केलेलं, काही तुरुंगातून. हे शिपाई दोषी की बळी यावर आजही बोलताना त्यांच्या वंशजांचा आवाज जड होतो आणि मला त्याचं सोपं उत्तर देता येत नाही.

या दलाच्या कागदपत्रात एक शब्द सारखा येतो, "डिस्पर्स". म्हणजे पांगवणं. अमुक नदीवर जमाव दिसला, पांगवला. संपलं, तेवढीच नोंद. आपल्याकडे लाठीमार करून जमाव पांगवला अशी बातमी येते ना, तसं वाचताना वाटतं. पण सरहद्दीवर प्रत्येकाला माहीत होतं की पांगवणं म्हणजे पहाटे वस्तीला घेरून गोळ्या घालणं. १८६१ मध्ये क्वीन्सलँडच्या सभागृहाने या दलाची चौकशी केली, त्यात फ्रेडरिक व्हीलर नावाच्या अधिकाऱ्याच्या कारवायांवर बरंच बोलणं झालं, आणि चौकशी होऊनही तो नोकरीत राहिला. १८७६ मध्ये त्याच्यावर एका मूळ रहिवासी तरुणाच्या खुनाचा आरोप ठेवला, जामीन मिळाला आणि तो देशच सोडून गेला. एका शब्दात माणसं गायब करायची ही पद्धत इतकी चांगली चालली की आज इतिहासकार तोच शब्द शोधत जुनी दफ्तरं वाचतात.

याच क्वीन्सलँडमध्ये गोरेही मारले गेले. १८५७ मध्ये हॉर्नेट बँकला अकरा, १८६१ मध्ये कलिन-ला-रिंगोला एकोणीस, त्यातही बायका-मुलं होती. ते भयंकरच होतं. पण फरक बघा, त्या तीस जणांची नावं, वयं, कोण कुठे झोपलं होतं, सगळं लिहून ठेवलंय. त्याच्या सूडात यिमान आणि गायिरी लोकांचे गटच्या गट संपवले, कित्येक महिने चाललं ते, आणि त्यातल्या एकाचंही नाव बहुतेक कागदावर नाही.

हे सगळं एकोणिसाव्या शतकातलं, जुनं झालं असं वाटत असेल तर कोनिस्टन बघा. १९२८. म्हणजे आपल्याकडे बारडोलीचा सत्याग्रह चालला होता तेव्हा. मध्य ऑस्ट्रेलियात मोठा दुष्काळ, पाण्याच्या जागांवरून ताण, फ्रेड ब्रूक्स नावाचा गोरा शिकारी मारला गेला, भांडण एका वार्लपिरी माणसाच्या बायकोवरून झालं होतं. मग कॉन्स्टेबल जॉर्ज मरे, पहिल्या महायुद्धात लढून आलेला, काही माणसं घेऊन ऑगस्ट ते ऑक्टोबर असा फिरला आणि वार्लपिरी, अनमाटयेर, केटेट्ये लोकांच्या वस्त्यांवर गोळ्या घालत सुटला. सरकारी चौकशीत आकडा निघाला ३१ आणि निकाल निघाला की सगळे स्वसंरक्षणात मारले. तिथले लोक साठच्या वर सांगतात, काहीजण त्याहून खूप जास्त. तिथल्या पोलीस प्रमुखांनी माफी मागितली ती २०१८ मध्ये. ज्यांनी लहानपणी झुडपात लपून ते बघितलं ते म्हातारे होईपर्यंत ते सांगत होते, फक्त ऐकणारं कुणी नव्हतं.

आता भाचीच्या प्रश्नाकडे. न्यूकॅसल युनिव्हर्सिटीत लिंडल रायन या इतिहासकार बाईंनी २०१७ पासून एक ऑनलाइन नकाशा केला, एकेका हत्याकांडाची जागा, तारीख, पुरावा किती भक्कम आहे त्याचे स्टार असं सगळं. नियम असा की एका वेळी सहा किंवा जास्त निःशस्त्र माणसं मारली गेली असतील तरच नोंद. सहा का, तर वीस माणसांच्या गटातून सहा गेले की उरलेल्यांना शिकार, मुलं, रीतिरिवाज काहीच सांभाळता येत नाही, गट मोडतो. या नियमाने चारशेच्या वर जागा आणि दहा हजारांच्या वर मृत्यू निघाले. सुमारे निम्म्या घटनांत पोलीस, सैनिक असे सरकारी लोक सामील होते. पण हा खालचा आकडा आहे. एक-एक, दोन-दोन, पाच माणसं मारली ती यात नाहीत आणि बहुधा बरेचसे लोक तसेच मारले गेले. नेटिव्ह पोलिसांच्या उरलेल्या दफ्तरांवरून हिशोब मांडणाऱ्या दोन संशोधकांनी २०१४ मध्ये एकट्या क्वीन्सलँडसाठी ६५ हजारांचा अंदाज दिला. दोन्ही आकडे प्रामाणिक आहेत, एक सांगतो की हातात काय आहे, दुसरा सांगतो की जे जाळलं ते किती असेल. यात देवीच्या साथीसारख्या रोगांनी आणि उपासमारीने गेलेले धरलेले नाहीत, ती संख्या आणखी वेगळी.

यावर ऑस्ट्रेलियात खूप भांडणं झाली. काहींचं म्हणणं, कागदावर नाही तर झालं नाही, लोकांच्या तोंडच्या गोष्टी म्हणजे पुरावा नव्हे. मला या मुद्द्याचा राग येतो. ज्या माणसाला कोर्टात तोंड उघडायला बंदी होती त्याच्याच नातवाला तुम्ही विचारणार की कागद कुठाय? आणि तोंडच्या गोष्टी किती पक्क्या असतात तेही बघा. पश्चिम ऑस्ट्रेलियात स्टर्ट क्रीक इथले लोक पिढ्यानपिढ्या सांगत होते की १९२० च्या दशकात इथे आमची माणसं मारून जाळली. पोलीस दफ्तरात याची सरळ नोंद नाही. मग संशोधक त्याच लोकांना बरोबर घेऊन जागेवर गेले, मातीतून हाडांचे बारीक तुकडे काढले, तपासणीत दिसलं की ही हाडं प्रचंड उष्णतेत बराच वेळ जाळलेली आहेत, नुसत्या स्वयंपाकाच्या चुलीत असं होत नाही. आजीने सांगितलेली जागा आणि प्रयोगशाळेचा रिपोर्ट एकमेकांशी जुळले.

ऑस्ट्रेलियाच्या शाळेत हे सगळं बरीच वर्षं शिकवतच नव्हते. १९६८ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ स्टॅनर यांनी रेडिओवरच्या व्याख्यानात या गप्पपणाला मोठी ऑस्ट्रेलियन शांतता म्हटलं, त्यानंतर इतिहासकार दफ्तरं उघडायला लागले. अजूनही सगळं सुरळीत नाही, ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात मूळ रहिवाशांना संसदेपुढे आपलं म्हणणं मांडायची हक्काची जागा देण्याला साठ टक्के लोकांनी नको म्हटलं. पण नकाशा आहे, आणि भाचीच्या मुलीच्या वर्गात प्रोजेक्ट आहे, हेही आहेच.

मायल क्रीकला जून २००० मध्ये स्मारक झालं. वरच्या टेकडीवर एक मोठा दगड, आणि तिथपर्यंत जाणाऱ्या पायवाटेवर ठिकठिकाणी गोष्ट सांगणाऱ्या पाट्या. त्या दिवशी मारल्या गेलेल्या लोकांचे वंशज आणि मारणाऱ्यांचे वंशज दोघंही आले होते, समोरासमोर उभे राहिले, रडले, मिठ्या मारल्या. २००५ मध्ये कुणीतरी हातोडा घेऊन तिथे गेलं आणि पाट्यांवरचे नेमके शब्द ठोकून काढले, "खून", "बायका", "मुलं". लोकांनी ते परत नीट करून घेतले. २००८ मध्ये जागा राष्ट्रीय वारसा यादीत आली. आता दरवर्षी जूनमध्ये तिथे माणसं जमतात, त्या पायवाटेवरून चालत जातात आणि प्रत्येक पाटीपाशी थांबून ती मोठ्याने वाचतात.